गावाच्या मालकीची पवनचक्की

चेन्नईच्या मैलापूर भागात विजेचे बिल दर दोन महिन्यांनी येते. आकडा फुगला की घराघरांत पंखे-दिव्यांची झाडाझडती सुरू होते. ग्रामपंचायतीला मात्र ही सोय नसते. रस्त्यावरचे दिवे विझवले तर गाव अंधारात आणि पंप थांबवला तर नळ कोरडे! बिल थकले की वीज तोडली जाते, याचा अनुभव महाराष्ट्रातल्या अनेक गावांनीही घेतला आहे.

तमिळनाडूतच, कोइमतूर जिल्ह्यात मेट्टुपालयमजवळच्या ओडंतुरै पंचायतीने यातून वाट काढली. १९९६ मध्ये आर. षण्मुगम तिचे अध्यक्ष झाले. नळयोजना आणि दिवे वाढले, तसे बिलही वाढत गेले. पंचायतीने आधी लहान उपाय केले. काही वस्त्यांत सौरदिवे लावले. पाणी उपसण्यासाठी टाकाऊ लाकडापासून गॅस तयार करणारे यंत्र बसवले.

मग २००६ मध्ये पंचायतीने ३५० किलोवॉटची पवनचक्की विकत घेतली. किंमत होती १ कोटी ५५ लाख रुपये. त्यातले ४० लाख पंचायतीच्या शिलकीतले, उरलेले १ कोटी १५ लाख बँकेचे कर्ज.

ही चक्की गावात नाही. पालघाट खिंडीतून येणारा वारा उडुमलपेटच्या बाजूला जोरात वाहतो, म्हणून ती तिकडे मैवाडीला उभारली. तिथली वीज मंडळाच्या तारांत जाते आणि गावाच्या वापरातून तेवढी वजा होते. वर्षाला सुमारे पावणेसात लाख युनिट तयार होतात. गावाची गरज साडेचार लाखांची. उरलेली वीज मंडळाला विकून कर्जाचे हप्ते भरता आले.

आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. त्याच वर्षी केंद्र सरकारने प्रत्येक जिल्ह्यात एका आदर्श सौरग्रामाला १ कोटी रुपये देण्याचे ठरवले. पण या स्पर्धेसाठी गावाची लोकसंख्या साधारणपणे ५,००० च्या वर असावी लागते. म्हणजे लहान वाड्यांनी या बक्षिसाची वाट पाहून भागणार नाही.

अशा वाड्यांनी ओडंतुरैकडे पाहावे. तिथे कर्जाआधी शिल्लक होती आणि मोठ्या खर्चाआधी लहान बचत. म्हणून पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न जरूर विचारावेत. वर्षभरात दिव्यांचे आणि पंपाचे बिल किती आले? जुने दिवे बदलले तर त्यातले किती वाचेल? घरपट्टी, पाणीपट्टी किती वसूल झाली? ही उत्तरे ज्या गावाच्या वहीत लिहिलेली असतील, त्या गावाला बँकेच्या किंवा सरकारच्या दारी रिकाम्या हाताने जावे लागणार नाही.