अपडेट आलं, पण कुणाच्या जिवावर?

कॉलेज फेस्टची वेबसाइट असो, डिपार्टमेंटचं ई-नियतकालिक असो की मित्राचा ट्रेकिंगचा ब्लॉग, वर्डप्रेसशी तुमची गाठ कधी ना कधी पडली असेलच. जगातल्या दर दहा वेबसाइट्सपैकी चारहून अधिक त्यावर चालतात. या वर्डप्रेसची ६.९ ही नवी आवृत्ती २ डिसेंबर २०२५ ला आली. जॅझ पियानोवादक जीन हॅरिस यांच्यावरून तिचं नाव ठेवलंय 'जीन'.

यात सगळ्यात कामाची सोय म्हणजे 'नोट्स'. लेख तयार होत असताना नेमक्या परिच्छेदावर शेरा मारायचा आणि सहकाऱ्याने तिथेच उत्तर द्यायचं. 'तिसऱ्या पॅऱ्यात तारीख चुकलीय' हे सांगायला आता व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट टाकायला नकोत.

पण फीचर्सपेक्षा मोठी बातमी ही, की आवृत्ती आली! कारण मधल्या काळात बरंच काही घडलं. वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मलेनवेग आणि 'डब्ल्यूपी इंजिन' ही होस्टिंग कंपनी यांच्यात सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर भांडण जुंपलं. मलेनवेग यांचं म्हणणं, ही कंपनी वर्डप्रेसवर कमावते, पण परत फारसं देत नाही. प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं. जानेवारी २०२५ मध्ये मलेनवेग यांच्या 'ऑटोमॅटिक' कंपनीने या मुक्त प्रकल्पासाठी देत असलेला वेळ कापून आठवड्याला सुमारे ४५ तासांवर आणला. परिणाम? २०२४ मध्ये तीन मोठ्या आवृत्त्या आल्या होत्या. २०२५ मध्ये एप्रिलची ६.८ हीच शेवटची, असंही जाहीर झालं. मे अखेरीस ऑटोमॅटिकची माणसं कामावर परतली आणि ६.९ चा मार्ग मोकळा झाला.

आता यातली गोम बघा. वर्डप्रेस फुकट आहे, कोड सगळ्यांसाठी खुला आहे. पण एका कंपनीने हात आखडता घेतला, तर सगळ्या जगाचं वेळापत्रक कोलमडतं. लायसन्स तुम्हाला हक्क देतं. रोजचं काम कुणीतरी पगारावर किंवा पदरचा वेळ घालून करावंच लागतं.

म्हणून तो हक्क कुचकामी ठरतो का? मुळीच नाही. वर्डप्रेसचा जन्मच त्यातून झालाय. 'बी-टू' नावाच्या ब्लॉगिंग सॉफ्टवेअरचं काम २००३ मध्ये थंडावलं, तेव्हा १९ वर्षांचा कॉलेजकुमार मॅट आणि इंग्लंडमधला माइक लिटल यांनी तोच कोड घेऊन पुढे काम सुरू केलं. परवानगी मागावी लागली नाही, कारण लायसन्सच तसं होतं. उद्या वर्डप्रेसचं काही बिनसलं, तर तीच वाट कुणालाही मोकळी आहे. फक्त त्या वाटेवर चालणारी माणसं हवीत.

ती माणसं फक्त कोडिंगवालीच हवीत असं नाही. वर्डप्रेसचं मराठी भाषांतर स्वयंसेवक करतात. नवी आवृत्ती येण्याआधी ती वापरून चुका कळवणं, मदतीची पानं लिहिणं, हेही योगदानच. एप्रिल २०२६ मधलं 'वर्डकॅम्प एशिया' तर मुंबईत ठरलं, अशा ठिकाणी नवख्यांना हाताला धरून शिकवणारे भेटतात.

तेव्हा 'अपडेट नाऊ'चं बटण जरूर दाबा. पण ते बटण पुढच्या वर्षीही दिसायला हवं असेल, तर त्यासाठी खपणाऱ्यांत आपलीही काही पोरं-पोरी असायला हवीत, नाही का?