लूप पेडल आणि पुनरुक्तीचा दोष

गिटारवादकाच्या पायाशी असणाऱ्या एका लहानशा पेटीविषयी साहित्याच्या विद्यार्थ्यांशी बोलावे असे आम्हांस का वाटले, ते आधी सांगितलेले बरे. ‘येथे कवीने पुनरावृत्ती केली आहे’ हे वाक्य उत्तरपत्रिकांतून आम्ही असंख्य वेळा वाचले आहे, आणि बहुधा तक्रारीच्या सुरात. पुनरावृत्ती झाली म्हणजे नेमके काय झाले, हे त्यापुढे सहसा कोणी लिहीत नाही. लूप पेडल शिकणाऱ्याला मात्र हा प्रश्न टाळता येत नाही.

यंत्र साधे आहे. पायाने कळ दाबली की ध्वनिमुद्रण सुरू होते. पुन्हा दाबली की ते थांबते आणि मुद्रित तुकडा त्याच क्षणी आरंभापासून वाजू लागतो, वाजतच राहतो. आणखी एकदा दाबली तर त्यावर नवा थर चढतो. यात शिकण्यासारखे काय, असे वाटेल. सगळी विद्या त्या दुसऱ्या दाबण्यात आहे. नवशिका शेवटचा ठोका वाजवतो आणि वाक्य संपले असे समजून पाय खाली आणतो. पण ठोका म्हणजे मात्रा नव्हे. त्या मात्रेचा उरलेला अवकाश सरला पाहिजे आणि पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पाय पडला पाहिजे. अलीकडे पडला तर प्रत्येक फेरीत ठेच लागते, पलीकडे पडला तर खड्डा. आणि यंत्र ती चूक इमानेइतबारे परत परत ऐकवते. आपल्याकडच्या तबल्याच्या विद्यार्थ्याला हे समजावत बसावे लागत नाही. तिहाईचा शेवटचा ‘धा’ समेवर पडतो, आणि सम ही पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा असते, हे त्याच्या हाडीमाशी रुजलेले असते. शेवट हा पुढल्या आरंभातच असतो, ही गोष्ट गिटारवाल्याला पायाने शिकावी लागते.

म्हणून जाणते वादक सांगतात, की टाच जमिनीला टेकलेली असावी, चवडा कळेवर अधांतरी. आणि मुद्रण सुरू करण्याआधी तोच तुकडा दोनतीनदा नुसता वाजवून हात स्थिरावू द्यावा. सांध्यापाशी आणखी एक अडचण असते. तारांची आस मध्येच कापली जाते आणि कानाला जोड कळतो. काही पेडलांत मुद्रण संपताच थेट थर चढवण्याची सोय असते. तेथे शेवटच्या स्वराची आस पहिल्या मात्रेवर सांडू देता येते. कवितेच्या भाषेत हाच अपूर्णान्वय.

ही कल्पना या पेटीबरोबर जन्मलेली नाही. १९६३ साली पॅरिसमध्ये टेरी रायली याने दोन टेपरेकॉर्डरांतून एकच फीत फिरवून चेट बेकरचे ट्रम्पेट त्याच्यावरच परतवले. पुढे ब्रायन ईनो आणि रॉबर्ट फ्रिप यांनी हीच रचना गिटारला लावली. त्यांची ‘नो पुसीफूटिंग’ ही तबकडी १९७३ सालची. या फितीच्या पद्धतीत एक मौज होती. पहिल्या यंत्रावर मुद्रित झालेला स्वर काही सेकंदांनी दुसऱ्यावर वाजे, तेथून पुन्हा पहिल्यावर मुद्रित होई, आणि दर फेरीत थोडा झिजे. जुने विरत जाई, नवे वर येई. आजच्या साध्या पेडलाला हे विस्मरण ठाऊक नाही. १९९९ च्या लाइन सिक्स कंपनीच्या डीएल-४ मध्ये १४ सेकंदांचा लूप मावे, बॉसच्या आरसी-३ मध्ये ३ तास मावतात. स्मृती वाढली आणि विसरण्याची कला गेली, असे आम्हांस वाटते. त्यामुळेच नवशिका थरावर थर चढवत जातो आणि पाचव्या थरानंतर नुसता गलका उरतो. मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तत्त्वे सांगितली. पहिला थर खर्जात आणि भरगच्च असेल तर दुसरा वरच्या सप्तकात आणि विरळ हवा, हा गिटारवाल्यांचा रोजचा नियम त्या विवेचनाजवळ बसवून पाहण्याजोगा आहे. असो.

आता मूळ मुद्दा. भजनात टाळकरी ध्रुवपद उचलतात तेव्हा ते दर वेळी किंचित बदललेले असते. गळे तापतात, लय चढते. त्यामुळे तेथे अर्थ बदलला तर श्रेय कोणाचे, हे सांगता येत नाही. पेडलातला तुकडा मात्र तंतोतंत तोच असतो. तरीही चौथ्या फेरीत तो पहिल्यासारखा ऐकू येत नाही. आधी सूर ऐकू येतो, मग ठेका, मग बोट तारेवर घासल्याचा आवाज, आणि पुढे तो आवाजच ठेक्याचा भाग होऊन बसतो. बदल येथे संहितेत नाही, ऐकणाऱ्यात आहे. संस्कृत काव्यशास्त्राने पुनरुक्तीला दोष म्हटले, पण शब्द तोच, अर्थही तोच आणि तात्पर्य तेवढे निराळे, अशा लाटानुप्रासाला अलंकारांत बसवले. आमचे विद्यार्थी दोष तेवढा पाठ करतात.

हे यंत्र सहवादन मारते, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. लेहरा धरणारा हार्मोनियमवादक तेच स्वर फिरवत असला तरी तबलजीकडे कान लावून असतो, लय वाढली की बरोबर येतो. पेडल कोणाचे ऐकत नाही. २००४ साली जूल्स हॉलंडच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात केटी टनस्टॉल हिने एकटीने, पेडलाच्या साथीने ‘ब्लॅक हॉर्स अँड द चेरी ट्री’ गायले, तेव्हा पुष्कळांना त्यात वाद्यवृंद दिसला. आम्हांस दिसली ती आपल्याच काही क्षणांपूर्वीच्या बोलण्याला बांधली गेलेली गायिका, आणि त्या बंधनात राहून तिने मिळवलेली मोकळीक. साथीदार सांभाळून घेत नाही तेथे स्वतःचे ऐकून घ्यावेच लागते.

ज्यांच्याकडे हे पेडल असेल त्यांनी एकदा दोनच स्वरसंघांचा तुकडा मुद्रित करावा, गिटार खाली ठेवावी, दहा मिनिटे एकही थर न चढवता ऐकावे आणि काय काय ऐकू आले ते क्रमाने लिहून काढावे. मग तोच कागद शेजारी ठेवून ध्रुवपद असलेली कोणतीही कविता वाचायला घ्यावी.