तांब्यातले पाणी आणि तांब्याचा दगड

गेल्या महिन्यात दवाखान्यात एक आजोबा आले. पोंभुर्णा तालुक्यातल्याच एका खेड्याचे. तक्रार गुडघ्याची होती, पण औषध घेऊन झाल्यावर ते उठेनात. म्हणाले, "डाक्टर साहेब, एक इचारू का जी? तांब्याच्या भांड्यातलं पानी रोज सकाळी पेतो मी. तुम्हीच सांगितलं का चांगलं असते म्हणून. मंग जमिनीत तांबं सापडलं तं लोक पान्याच्या नावानं काहून घाबरतेत?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येईना. आजोबांना जे अर्धवट सांगितले ते आज या सदरात पूर्ण सांगतो.

आपल्या तालुक्यातल्या ठाणेवासना परिसरात जमिनीखाली तांबे आहे, हे भूगर्भशास्त्रज्ञांनी केव्हाच नोंदवून ठेवले आहे. हे तांबे शुद्ध धातूच्या रूपात नसते. तांबे, लोखंड आणि गंधक यांचे मिळून बनलेले सोनेरी झाक असलेले खनिज तिथल्या दगडात आहे. खोल, अंधारात, हवेपासून दूर असेपर्यंत ते निमूट असते. पण दगड फोडून वर आणला, त्याचा ढीग रचला आणि त्यावर मृगाचा पाऊस पडला की हवा, पाणी आणि काही सूक्ष्म जंतू मिळून त्यातल्या गंधकापासून गंधकाम्ल, म्हणजे तीव्र आम्ल, तयार करू लागतात.

आता स्वयंपाकघरात चला. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे आपल्या आयाबहिणींना कुणी शिकवावे लागत नाही. साधे पाणी त्याच भांड्यात रात्रभर राहिले तरी फारसे बिघडत नाही, आंबट ताक मात्र धातू विरघळवते आणि पोटात गेले की मळमळ, उलटी, कळा सुरू होतात. आजोबांच्या तांब्यातल्या पाण्यात आंबटपणा नाही, म्हणून तांबे अगदी नाममात्र उतरते. खाणीच्या ढिगात मात्र आंबटपणा दगड स्वतःच तयार करतो. म्हणजे ताकही तिथेच, पातेलेही तिथेच आणि कल्हई कुठेच नाही. तांब्याच्या अशा दगडात धातू साधारणतः शेकडा एक भागाच्या आसपास असतो. बाकीचा दगड आणि दळलेला चुरा तिथेच पडून राहतो, आणि तोच वर्षानुवर्षे कळकत राहतो.

हे ओळखणारे एक शास्त्र आहे. दगड, माती आणि पाणी यांच्यातली देवाणघेवाण तपासणारे हे भूरसायनशास्त्र. डॉक्टर जसे रक्त तपासून शरीराचे सांगतो, तसे हे लोक ओढ्याचे पाणी तपासून डोंगराच्या पोटातले सांगतात. अमेरिकेतले डी. कर्क नॉर्डस्ट्रॉम यांनी आपले सारे आयुष्य यात घालवले. कॅलिफोर्नियातील आयर्न माउंटन खाणीतल्या पाण्याचा सामू त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना शून्याच्याही खाली, उणे ३.६ इतका आढळला. ते संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले. पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा लागतो, यावरून कल्पना यावी. त्या खाणीतले खोदकाम १९६३ सालीच थांबले. तिथले पाणी मात्र आजही शुद्ध करूनच सोडावे लागते. खाण बंद झाली म्हणजे तिचे पाणी बंद झाले असे होत नाही.

इतके दूर कशाला जायचे? शेजारच्या दुर्गचे रसायनशास्त्रज्ञ डॉ. पीयूष कांत पांडे यांचे काम पाहा. १९९९ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी, आणि त्याच वर्षी कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील डॉ. दीपंकर चक्रवर्ती यांच्या गटानेही, अंबागड चौकी भागातल्या पाण्यातील आर्सेनिकबद्दल लिहिले. कौडीकसा हे गाव त्याच भागातले. गडचिरोलीची हद्द तिथून काही फार दूर नाही. तिथे दोष खाणीचा नव्हता, मूळ खडकाचाच होता. विहिरीचे पाणी स्वच्छ, गार, चवीला गोड, आणि पिणाऱ्यांच्या अंगावर डाग, तळहातांवर कडक गाठी. पुढे २००७ साली पांडे व सहकाऱ्यांनी बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड या मोठ्या तांबे खाणीतून झिरपणाऱ्या विषारी पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच माणसाच्या कामात हे दोन्ही धडे आहेत. विष निसर्गाचेही असू शकते आणि माणसाने उघडे केलेलेही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते, म्हणजे दिसत नाही.

माझ्या मते आपल्यासाठी कळीचा मुद्दा इथेच आहे. उद्या या भागात खाण आली आणि पाच वर्षांनी एखाद्या हातपंपाचे पाणी बिघडले, तर खाणवाले म्हणतील, हे पाणी आधीपासूनच असे होते. गावकरी म्हणतील, नव्हते. खरे कोण, हे सांगणारा कागदच नसेल तर गरिबाचे कोण ऐकणार? रोग्याचे जुने रिपोर्ट नसले की आम्हा डॉक्टरांची जी पंचाईत होते, तीच इथे होईल. म्हणून खाण व्हावी की न व्हावी हा वाद बाजूला ठेवा. रोजगार हवा हे मलाही मान्य आहे, कारण धान कापून झाल्यावर तेलंगणात मजुरीला जाणारी पोरे मीही पाहतो. पण पहिल्या फावड्याआधी प्रत्येक विहिरीची, बोअरची, मामा तलावाची आणि ओढ्याची तपासणी झालीच पाहिजे. उन्हाळ्यात एकदा, पहिल्या पावसानंतर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, कारण पाण्याचा स्वभाव ऋतूप्रमाणे बदलतो. दगडाचीही तपासणी हवी. त्यात आम्ल करणारे खनिज किती आणि ते शमवणारा चुना किती, हा हिशेब आधी मांडता येतो. आणि हे सारे आकडे कचेरीच्या कपाटात नकोत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत लिहिलेले हवेत.

ढिगांवर उपाय नाहीत असेही नाही. नागपूरच्या नीरी संस्थेतील डॉ. आशा जुवारकर व हेमलता जांभुळकर यांनी कोळसा खाणीच्या १० हेक्टर मलब्यावर सेंद्रिय गाळ, जिवाणू खते आणि योग्य झाडे यांचा प्रयोग केला. झाडे धरली आणि जड धातूंचा उपद्रवही बऱ्याच अंशी कमी झाला, असे त्यांनी २००८ साली मांडले. म्हणजे ज्ञान आपल्या विदर्भातच आहे. ते वेळेवर बोलावले पाहिजे, इतकेच.

आता घरापुरत्या चार गोष्टी. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड, आर्सेनिक किंवा तांबे जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. तुरटी फिरवली, क्लोरीनचे थेंब टाकले, म्हणून पाणी या विषांपासून सुरक्षित झाले असे समजू नये. आपल्या जिल्ह्यात अनेक गावांच्या पाण्यात फ्लोराइड आहेच. मुलांच्या कायमच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले तर घासून घासून दात झिजवू नका, आधी हातपंप तपासा. फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी पिण्यास व स्वयंपाकास वापरू नये. आर्सेनिकची मर्यादा तर ०.०१ मिलिग्रॅम इतकी बारीक आहे. गावातल्या तपासणी पेटीतून सामू, फ्लोराइड, लोह कळते, पण जड धातूंसाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. ग्रामसभेत तसा ठराव घ्या आणि आलेला अहवाल जपून ठेवा. ओढ्यात अचानक मासे मेले, काठावर नारिंगी गाळ बसला किंवा पाण्याला तुरट चव आली तर गप्प बसू नका.

आणखी एक सांगावेसे वाटते. आपल्या भागातली हुशार मुले विज्ञान शाखेला गेली की डॉक्टर, नाहीतर इंजिनिअर, एवढेच ऐकतात. अंधारी आणि वैनगंगेच्या काठच्या एखाद्या मुलीने भूरसायनशास्त्र शिकावे, बाटल्या घेऊन आपल्याच ओढ्यांवर फिरावे, आकडे लिहावेत आणि वीस वर्षे लिहीत राहावे, हे मला शंभर दवाखान्यांपेक्षा मोलाचे वाटते. मी रोगी बरा करीन. ती रोगीच होऊ देणार नाही.

आजोबांना शेवटी म्हणालो, तुमच्या तांब्यातले पाणी खुशाल प्या. पण त्या तांब्यात पाणी कुठल्या विहिरीचे भरता, ते एकदा तपासून घ्या. ते हसले. परवा पाण्याने भरलेली स्वच्छ बाटली घेऊन परत आले. बाटलीवर कागद चिकटवला होता आणि त्यावर नातवाच्या अक्षरात गावाचे नाव, विहीर आणि तारीख लिहिली होती. सुरुवात अशीच होते.