औषधांना शाळाबंदी कशासाठी?

'शाळेत औषध दिले जाणार नाही' हे वाक्य आपल्याकडील अनेक शाळांत अलिखित नियम होऊन बसले आहे. कारण विचारावे, तर उत्तर ठरलेले असते : शिक्षक म्हणजे डॉक्टर नव्हे, उद्या काही बरेवाईट झाले तर जबाबदारी कोणाची? प्रश्न रास्त आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र रास्त नाही.

लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुडचेच उदाहरण घेऊ. आसपासच्या खेड्यांतली मुले येथे शिकायला येतात. त्या वेळी आईवडील शेतात राबत असतात किंवा रोजंदारीवर गेलेले असतात. दुपारी मुलाला दम लागला किंवा फेफरे आले, तर घरचे माणूस पोहोचेपर्यंत त्याच्याजवळ शिक्षकाखेरीज दुसरे कोण असते? दम्याचा पंप दप्तरातून काढून कपाटात बंद करायचा आणि कपाटाची किल्ली शोधत फिरायचे, याला शिस्त म्हणता येणार नाही. तापाने फणफणलेल्या पोराला एकट्याने घरी धाडणे, यालाही काळजी म्हणता येणार नाही.

शिक्षकाने औषध द्यायचे नाही, हे तत्त्व म्हणावे तर शासनच ते पाळत नाही. 2015 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी मुलांना शिक्षकच देतात. आठवड्याची लोहाची गोळीही त्यांच्याच हातून जाते. मग शंभर मुलांना गोळी देणारा हात, एकाच मुलाला त्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी देताना का कचरतो? कारण उघड आहे. तेथे आदेश लेखी असतो, मात्रा ठरलेली असते, नोंद ठेवलेली असते. येथे यांपैकी काहीच नसते. म्हणजे उणीव शिक्षकाच्या पदवीत नसून कागदावर आहे.

पालकांशी नीट बोलणे झालेले नसले म्हणजे काय होते, हे ऑगस्ट 2018 मध्ये गोवंडीत दिसले. महापालिका शाळेतील एका मुलीचा मृत्यू झाला. शाळेत वाटलेल्या गोळ्यांमुळेच तो झाला, अशी वार्ता पसरली आणि घाबरलेल्या पालकांनी शेकडो मुलांना रुग्णालयांत नेले. महापालिकेने गोळ्यांचा संबंध नाकारला. पण अविश्वासाला खुलासा पुरत नाही. विश्वास आधीच मिळवावा लागतो.

कायद्याची भीतीही पुष्कळशी अज्ञानातून आली आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम 27, बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाच्या संमतीने सद्‌भावनेने केलेल्या कृतीला, काही मर्यादांसह, संरक्षण देते. पालक वेळेवर सापडणेच शक्य नसेल, तर कलम 30 आहे. जुन्या दंड संहितेतही हीच तरतूद होती. मधुमेही मुलांना शाळेत रक्तातील साखर तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची आणि मधल्या वेळी खाण्याची मुभा द्यावी, असे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने 2023 साली लेखी कळविले आहे. तेव्हा कायदा आडवा येतो, ही सबब आता पुरे.

दुसऱ्या टोकाचा बेफिकीरपणाही तितकाच घातक आहे. 'अंग तापलंय ना, दे ही गोळी' असे म्हणून खिशातली गोळी पुढे करणारे दयाळू हातही थांबलेच पाहिजेत. तापावर सर्रास घेतले जाणारे निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यास 2011 पासून आपल्या देशात बंदी आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? फेफरे आलेल्या मुलाला चप्पल हुंगवणे, त्याच्या दातांत चमचा खुपसणे हे तर अघोरी उपचार. त्याला कुशीवर वळवावे, भोवतीची गर्दी हटवावी, घड्याळ पाहावे आणि झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर 108 ला फोन करावा. एवढे शिकायला एक दुपार पुरते.

पालकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. मुलीला फेफरे येते हे शाळेला कळले तर उद्या तिचे लग्न जमणार नाही, म्हणून आजार लपविणारी घरे आपल्यात आहेत. लोकांच्या जिभेला भिऊन लेकरू धोक्यात लोटायचे, हा कुठला न्याय?

मागणी साधी आहे. प्रवेशाच्या वेळी आजाराची गोपनीय नोंद व्हावी. डॉक्टरांची चिठ्ठी, पालकांची लेखी संमती आणि मूळ वेष्टनातले औषध, या तिन्ही गोष्टी असल्याखेरीज गोळी देऊ नये. त्या असतील तर ती नाकारू नये. दिलेल्या प्रत्येक मात्रेची वेळ लिहावी. दम्याचा पंप मुलाजवळच राहावा. प्रत्येक शाळेत प्रथमोपचार शिकलेले निदान दोन शिक्षक असावेत, म्हणजे एक रजेवर असला तरी दुसरा हजर असेल.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आपल्या जिल्ह्याने एक धडा घेतला : बाहेरची मदत येईपर्यंत शेजारचा माणूसच आधार असतो. शाळेत तो शेजारचा माणूस म्हणजे शिक्षक. त्याच्या हाती भीती द्यायची की लेखी अधिकार, हे शाळांच्या व्यवस्थापनांनी आणि आपण पालकांनी पुढच्या पालकसभेतच ठरवावे.