कुड्याची साल आणि मुरडा

पावसाळा लागला की वस्तीवस्तीत मुरड्याचे रोगी दिसू लागतात. पोटात पीळ पडतो, दहा वेळा शौचाला पळावे लागते, आव पडते, कधी रक्तही. अशा वेळी गावाकडची म्हातारी माणसे सांगतात, "कुड्याची साल सहाणेवर उगाळून ताकातून दे." आपली शिकलेली मुले याला हसतात. पण हसण्यासारखे त्यात काही नाही.

पांढरा कुडा कोकणात भरपूर. आयुर्वेदात त्याला कुटज म्हणतात, बियांना इंद्रजव. त्याच्या सालीत कोनेसाइन नावाचे द्रव्य आहे आणि ते आमांशाच्या अमिबावर चालते. डॉक्टरी औषधाचा इतिहासही वेगळा नाही. ब्राझीलकडच्या इपिकाक नावाच्या झुडपाच्या मुळातून एमेटिन निघते. १९१२ साली कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी त्याची इंजेक्शने आमांशावर दिली आणि पुढे कित्येक वर्षे तेच मुख्य औषध होते. मात्र त्याने हृदयाला अपाय होई. म्हणून मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आल्यावर ते मागे पडले. झाडाचे औषध म्हणजे निर्धोक, ही समजूत इथेच खोटी ठरते.

शिवाय बाजारात कुड्याची साल म्हणून काळ्या कुड्याची साल मिसळून विकतात. पुडीतला भुगा पाहून तुम्हाआम्हाला काय कळणार?

रोजंदारीवरच्या बाईला मूल घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभे राहायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. म्हणून आधी घरचे औषध करून पाहिले जाते, हे समजण्यासारखे आहे. पण माताभगिनींनो, लहान मुलाला रक्ताची आव झाली तर ती बहुधा अमिबाची नसते, शिगेला नावाच्या जंतूंची असते. त्याचे औषध निराळे. मुलाला ताप आहे, ते मलूल झाले आहे, डोळे खोल गेले आहेत, अशा वेळी साल उगाळत बसू नये. मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस पाजत त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. मोठ्या माणसाला गोळ्या दिल्या असतील तर दोन दिवसांत बरे वाटले म्हणून उरलेल्या फडताळात ठेवू नयेत.

आणखी एक. अमिबाच्या कोशाला कवच असते. नळाच्या पाण्यात घालतात तेवढ्या क्लोरीनने तो मरत नाही, तुरटीनेही नाही. पाणी खळखळून उकळले तरच मरतो. रॉकेल, गॅस महाग आहे हे खरे, पण निदान पावसाळ्यात पिण्यापुरते उकळावे.

डॉक्टरांनी शौचाची तपासणी सांगितली तर नमुना ताजा द्यावा, जमल्यास दवाखान्यातच. रात्रीचा डबीत ठेवून सकाळी नेला की हलता अमिबा तोवर मेलेला असतो आणि रिपोर्टावर 'काही आढळले नाही' असे लिहून येते.