हापशावरची बंदी कुणी नोंदवायची?

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या एका पाड्यावरची एक विधवा बाई पहाटे अंधारात पाणी भरते. उजाडल्यावर हापशावर गेली तर बाकीच्या बाया हंडे उचलून बाजूला होतात. बाजाराच्या जीपमध्ये तिला कुणी बसू देत नाही. दुकानदार तिचे पैसे हातात घेत नाही, ओट्यावर ठेवायला सांगतो. शेजारचं तान्हं मूल तापानं दगावलं, भगतानं हिचं नाव घेतलं आणि ही डाकीण ठरली. दवाखाना किती लांब होता हे कुणी विचारलं नाही.

तिच्याबरोबर मी पोलीस ठाण्यात गेले. "हात लावला का कुणी? नाही ना? मग गावातच मिटवा," असं उत्तर मिळालं. मैत्रिणींनो, गावात मिटवायचं म्हणजे काय, ठाऊक आहे? तिनं दंड भरायचा, बकरा द्यायचा, आणि पुन्हा असं करणार नाही म्हणायचं. म्हणजे केलं होतं हे कबूल करायचं!

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. करणी, चेटूक केल्याच्या नावाखाली मारहाण करणं, नग्न धिंड काढणं हा त्यात गुन्हा आहे. आणि त्याच ओळीत पुढे आहे: रोजच्या व्यवहारांवर बंदी घालणं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, गुन्हा दखलपात्र. हापसा, जीप, दुकान हे रोजचे व्यवहार नाहीत तर कोणते? पण रक्त दिसल्याशिवाय ठाण्यातली वही उघडत नाही.

काही कार्यकर्ते भाऊ म्हणतात, अ‍ॅट्रॉसिटी लावा. २०१५ च्या दुरुस्तीनं डाकीण ठरवून छळ करणं त्या कायद्यात आलं, हे खरं. पण आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तरच तो लागतो. इथे बाई आदिवासी, भगत आदिवासी, दीरही आदिवासी. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा पाणवठ्याबद्दल बोलतो, पण अस्पृश्यतेच्या कारणानं अडवलं तर. हे कायदे ज्यांच्यासाठी झाले त्यांना ते हवेतच, त्यांना धक्का लावा असं मी म्हणत नाही. पण या बाईच्या हाती जे येतं ते २०१३ चं कलम, आणि गावानं मिळून वाळीत टाकलं असेल तर २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा. तेवढं तरी वापरा!

दिराचं नाव आलंच आहे तर सांगते. नवऱ्यामागं वनहक्काची जमीन हिच्याकडे आली. २००६ च्या वनहक्क कायद्यानं पट्टा नवराबायकोच्या जोडनावानं द्यायचा असतो, म्हणून तिचं नाव कागदावर आहे. मुलगा नाही. बाई पाडा सोडून गेली तर जमीन कोण कसणार, हे सगळ्या पाड्याला माहीत आहे.

"आदिवासींच्या रीतीत ढवळाढवळ नको," असंही ऐकवलं जातं, बहुतेक वेळा पुरुषांकडून. १९७२ नंतर शहाद्याकडे श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायांनी दारूची मडकी फोडली. दारूही रीतीतलीच होती. त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. आणि शहरातल्या बहिणींनी या पाड्याला हसू नये. हळदीकुंकवाला विधवेला न बोलावणारी घरं तुमच्या गल्लीत आहेतच.

कायद्यात दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे. त्याचं नाव नि फोन बाजाराच्या जागी, भिलोरी-पावरीत लिहून लावा, ही आमची मागणी आहे.

तोवर आम्ही चौघी तिच्याबरोबर सकाळी आठला, लख्ख उजेडात हापशावर गेलो. बाया उठल्या. दोघी मात्र बसून राहिल्या, त्यातल्या एकीनं तिच्यासाठी हापसाही मारला. तक्रार आता लेखी दिली आहे. पोच माझ्याकडे आहे, गुन्हा अजून नोंदलेला नाही.