पिंगळा दिसला... पण कोणता?

मंडळी, आमच्या नंदुरबारचं नाव जगभरच्या पक्षीवेड्यांना ठाऊक आहे, ते वीतभर उंचीच्या एका घुबडामुळे. वनपिंगळा! ह्यूमने 1873 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. 1880 ते 1884 च्या सुमारास जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशातून त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतर थेट नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो शहाद्याजवळच्या रानात दिसला. (तेव्हा आपण धुळे जिल्ह्यात होतो, नंदुरबार वेगळा झाला 1998 ला!)

"113 वर्षांनी पुन्हा शोध" हे वाक्य मला मात्र खटकतं. पक्षी कुठे गेलाच नव्हता. मधल्या काळात माइनर्ट्झहागेन नावाच्या गृहस्थांचा 1914 चा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून एक नमुना खरा मानला जात होता. तो निघाला डेव्हिडसनचाच, संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला! ती खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून खऱ्या नमुन्यांच्या जागा धुंडाळल्या, तेव्हा पक्षी सापडला.

दुसरं कारण म्हणजे आपली समजूत, की घुबड म्हणजे रात्रीचं. हा पठ्ठ्या भर दिवसा, निष्पर्ण सागाच्या शेंड्यावर उन्हात बसतो आणि शेपटी भराभर डावी-उजवीकडे हलवतो. सरडे, उंदीर, किडे पकडतो. आपल्या गावातल्या नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, छाती गडद तपकिरी, पोट स्वच्छ पांढरं, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, आणि पाय अंगाच्या मानाने चांगलेच दणकट. जंगलात आणखी एक पिंगळा असतो, पण त्याच्या अंगभर बारीक आडव्या रेघा असतात.

हे सगळं कळायला तास-दोन तास गप्प बसावं लागतं. मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवून त्याला फोटोसाठी पुढ्यात बोलावणं मला अजिबात पटत नाही. विणीच्या दिवसांत तर नाहीच नाही! पिल्लांसाठी शिकार करायची सोडून त्याने आपल्या मोबाइलमधल्या वैऱ्याशी भांडत बसायचं, हा कुठला न्याय?

असो. तोरणमाळच्या आसपास त्याचा पुढे अभ्यास झाला, मेळघाटात आणि तानशाच्या जंगलातही तो सापडला. 2018 मध्ये लाल यादीत तो 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' झाला. म्हणजे आता काळजी नको, असं काही जण म्हणतात. अहो, त्याला घरटं करायला जुन्या झाडाची ढोली लागते, आणि सरपणाला कुऱ्हाड आधी पडते ती अशाच वाळक्या, पोकळ झाडावर. सातपुड्यातल्या माणसांना चूल पेटवायची आहे, त्यांना दोष देऊन काय होणार? पण निदान ढोलीची झाडं खुणा करून राखता येतील, आणि ती कुठली हे गुरं चारणाऱ्या पोरांइतकं कुणालाच माहीत नसतं. त्यांना विचारा की आधी.